मंग पडते कुठी?

चांद्रयान-३ उडालं त्या दुपारी, १४ जुलै २०२३ ला, नागपुरात पाऊस येतो येतो म्हणत नुसता दाटून राहिला होता. स्टाफरूमचा पंखा गरम हवाच गरगर फिरवत होता. प्रयोगशाळेतला प्रोजेक्टर आम्ही इकडे आणला होता, भिंतीवरचं वेळापत्रक काढून तिथंच चित्र पाडलं होतं, आणि मराठीचे, कॉमर्सचे, ग्रंथालयातले, ऑफिसातले असे सगळेच खुर्च्या ओढून बसले होते. कोणीतरी संत्रा बर्फीचा डबा आणला होता. तो उघडायचा यान सुटल्यावरच, असं ठरलं होतं. दोन पस्तीसला रॉकेट उठलं. दोन मिनिटं होऊन गेली आणि दोन्ही अंगांचे ते जाडजूड बूस्टर सुटले. पडद्यावर श्रीहरिकोट्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. मग टोकाचं कवच सुटलं, टाळ्या. मग मधला टप्पा सुटला, पुन्हा टाळ्या. आमच्या प्रयोगशाळेतले भाऊ, ज्यांच्याशिवाय एकही प्रॅक्टिकल वेळेवर लागत नाही, दाराशी उभं राहून बघत होते. ते माझ्या खुर्चीमागे आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सगळे टाळ्या वाजवून राहिले. पण हे सुटते ते मंग पडते कुठी?"

"समुद्रात, भाऊ."

"समुद्रात कुठी?"

तेवढ्यात क्रायोजेनिक इंजिन पेटल्याची घोषणा झाली आणि सगळ्यांचे डोळे पुन्हा भिंतीकडे गेले. सोळा मिनिटांनी यान सुटलं, डबा उघडला, भाऊंनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना बर्फी वाटली. त्यांचा चेहरा आमच्याइतकाच फुललेला होता. त्यांचा प्रश्न कुरकुर करणाऱ्याचा नव्हता. म्हणूनच तो माझ्या मनातून जाईना. भाऊंचं गाव सिंदेवाहीच्या अंगाला आहे. एवढं सांगितलं की विदर्भातल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

२०२२ चा पाडवा, २ एप्रिल, शनिवार. गुढ्या उतरवून झाल्या होत्या. दिवसभर तापलेल्या गच्चीवर पाणी मारून आम्ही चटया टाकल्या होत्या आणि त्या ओल्या सिमेंटचा वास अजून हवेत होता. पावणेआठच्या सुमाराला शेजारच्या गच्चीवरून पोरांचा गलका उठला. वर पाहिलं तर आकाशातून जळते तुकडे चालले होते. उल्का कशी, दिसली म्हणेपर्यंत विझते. हे तसं नव्हतं. हे सावकाश, एका रांगेत, आपापलं शेपूट ओढत चाललं होतं, आणि मधूनच एखादा तुकडा आणखी दोघांत फुटत होता. मोबाईल बाहेर निघाले. समोरच्या काकूंनी हात जोडले. कोणी विमान म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र. मी दिपून बघत होते; इतकं सुंदर काही मी आपल्या शहराच्या धुरकट आकाशात आधी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यातली सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात पडली, आणि आसपासच्या शिवारात धातूचे गोळे सापडले. अभ्यासकांनी माग काढला तो चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं रॉकेट. उपग्रह कधीच आपल्या कामाला लागला होता आणि त्याला वर नेणारा रिकामा टप्पा तेव्हापासून पृथ्वीभोवती फिरत होता.

आम्ही गच्चीवर जे बघत होतो ते पुढच्या काही क्षणांत कोणाच्या तरी अंगणाकडे निघालेलं होतं. आमच्यासाठी ते दृश्य होतं, लाडबोरीसाठी लोखंड.

वरून काही पडणार ही भीती मला लहानपणापासून ठाऊक आहे. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब, अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा, पडणार होती. आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात राहायचो. रेडिओवरच्या बातम्या लागल्या की आजी हातातलं काम टाकून चौकात येऊन उभी राहायची आणि आम्हा पोरांना ओसरीच्या बाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. स्कायलॅब म्हणजे काय हे तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं. अमेरिकेचं काहीतरी मोठं, घराएवढं, आता कोणाच्याच ताब्यात नाही, एवढंच तिला कळलं होतं, आणि खरं पाहता त्यात फारसं चूकही काही नव्हतं. ११ जुलैला ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात आणि हिंदी महासागरात पडली. तिथल्या एस्परन्स गावानं अमेरिकेला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला, ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा पोरं खूश होतात. त्याच पावसाळ्यात, १० ऑगस्टला, आपलं पहिलं एसएलव्ही-३ श्रीहरिकोट्याहून उडालं आणि ३१७ सेकंदांनी ५६० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात पडलं. ते अपयश आपण किती प्रेमानं जपून ठेवलं आहे. पण आज त्या दोन घटना शेजारी ठेवल्या की वेगळंच काही दिसतं. आपलं रॉकेट फसलं आणि समुद्रात गेलं. कोणाच्या आजीला ओसरीत उभं राहावं लागलं नाही. तशी जागा आधीच निवडून ठेवलेली होती.

रॉकेटचं सगळं दुखणं त्याच्या इंधनात आहे. जड वस्तू वर न्यायची तर इंधन हवं, ते इंधन न्यायला आणखी इंधन हवं. बंडीत बैलांसाठी कडबा भरावा, कडब्याच्या ओझ्यानं बैल दमावेत म्हणून जादा कडबा भरावा, आणि तो ओढायला आणखी एक जोडी जुंपावी, असा तो प्रकार आहे. रशियातल्या कलुगा गावच्या एका शाळामास्तरानं, कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्स्कीनं, हे गणित १९०३ मध्ये छापून मांडलं. लहानपणीच्या तापात त्याचे कान जवळजवळ गेले होते. शाळा सुटल्यावर घरी बसून त्यानं हे सगळं केलं, आणि त्याच्या हयातीत एकही उपग्रह उडाला नाही. शिकवून आलेल्या माणसाच्या संध्याकाळी किती उरलेलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून हा मनुष्य मला फार जवळचा वाटतो. त्याच्या गणितातून निघतं ते असं: पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत टिकायला सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. विदर्भ एक्सप्रेस मुंबईला पोचायला अख्खी रात्र घेते, हा वेग दीड मिनिट घेईल. एवढा वेग एकाच नळकांड्यानं गाठणं जवळपास अशक्य, म्हणून रॉकेट टप्प्याटप्प्यानं बांधायचं आणि रिकामा झालेला टप्पा तिथल्या तिथे सोडून द्यायचा. त्या दुपारचं एलव्हीएम-३ रॉकेट जमिनीवर ६४० टनांचं होतं. चंद्राकडे निघालेलं यान चार टनांहूनही थोडं कमी. बाकी सगळं जाळायचं किंवा टाकायचं. म्हणजे रॉकेट हे मुख्यतः पडणाऱ्या गोष्टींचं बनलेलं असतं, आणि आपण बघतो, आठवतो, वर्तमानपत्रात छापतो तो मात्र न पडणारा एवढासा भाग.

हे एकदा डोक्यात बसलं की जगभरातल्या प्रक्षेपण केंद्रांचा नकाशा वेगळा दिसायला लागतो. कोणी कुठून उडवतं हे बघता बघता कोणी कुठं टाकतं हे दिसायला लागतं. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला समुद्र आहे, आणि पूर्वेकडे उडवलं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेगही फुकट मिळतो. पण ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत उपग्रह टाकायचा तर दक्षिणेला जावं लागतं आणि सरळ दक्षिणेच्या वाटेत श्रीलंका येते. म्हणून इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट आधी समुद्रावर पुढे जातं आणि मग वळतं. त्या वळणात इंधन जातं, उपग्रहाचं वजन कमी करावं लागतं. ते वळण वाचावं म्हणूनच तमिळनाडूत कुलसेकरपट्टिनमला नवं केंद्र होत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याची पायाभरणी झाली. इस्रायलची तर आणखी अडचण. पूर्वेला शेजारी देश, म्हणून त्यांचं शावित रॉकेट पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरून, पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेनं उडतं आणि त्याची किंमत दर वेळी वजनात मोजतं. जपानच्या तानेगाशिमा बेटावरून कधी उडवायचं याची बोलणी तिथल्या मच्छीमारांशी करावी लागायची. वर्षातले ठराविकच महिने मिळायचे. मला हे वाचून बरं वाटलं होतं. जाळं टाकणाऱ्या माणसाच्या हंगामानं रॉकेटला थांबवून ठेवावं, यात काहीतरी योग्य आहे.

सगळीकडे असं नाही. रशियन रॉकेटं कझाकस्तानातल्या बैकोनूरहून उडतात. स्पुटनिकही १९५७ मध्ये तिथूनच गेला. भोवती मैलोन्‌मैल जमीन, त्यामुळे टप्पे गवताळ रानात आणि अल्ताईच्या डोंगरात पडतात. उत्तरेच्या प्लेसेत्स्क केंद्राखालच्या मेझेन भागात शिकारी पडलेल्या टप्प्यांचे पत्रे कापून आणतात आणि त्यांच्या लांब, हलक्या होड्या करतात. त्या होड्यांचे फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. रिवेटांच्या ओळी तशाच, बाजूला पाणी, आत एक म्हातारा टोपी घालून बसलेला. माणूस कशाचंही काही करू शकतो याचं कौतुक वाटलं, आणि त्याच पत्र्याला कधी विषारी इंधनाचा थेंब लागलेला असू शकतो म्हणून पोटात खड्डाही पडला. दोन्ही एकदम.

चीनची जुनी केंद्रं तर देशाच्या पोटात आहेत. शीतयुद्धाच्या भीतीनं ती समुद्रापासून दूर, डोंगरांआड बांधली गेली. लाडबोरीला ज्याचा तुकडा आला त्याच जातीचं पहिलं रॉकेट १९९६ च्या फेब्रुवारीत शिचांगहून उठलं, उठताच कललं आणि बावीस सेकंदांत डोंगरावर जाऊन आदळलं. खाली वस्ती होती. सरकारी आकडा सहा मृत्यूंचा. आजही तिथून उडणाऱ्या रॉकेटांचे खालचे टप्पे खेड्यांच्या आसपास पडतात. उड्डाणाआधी लोकांना घराबाहेर, मोकळ्यावर काढलं जातं. २०१६ पासून हाइनान बेटावरचं वेनचांग केंद्र सुरू झालं, तिथं समुद्र आहे. पण डोंगरातली केंद्रं बंद झालेली नाहीत.

भाऊंच्या गावी मी गेले ते मोहफुलांच्या दिवसांत. उमरेड, भिवापूर, नागभीड असा रस्ता. भिवापूरला मिरचीचा ठसका गाडीच्या काचा लावल्या तरी आत येतो, आणि नागभीड सोडलं की धानाच्या बांध्या सुरू होतात, त्या दिवसांत कापणी होऊन कोरड्या, भेगाळलेल्या. रात्र त्यांच्या घरी काढली. पहाटे अंधारातच भाऊंच्या आईंबरोबर मोहाखाली गेलो. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली होती आणि त्या काळ्या राखेवर फुलं पडलेली, फिकट पिवळी, मऊ, बोटांना ओलसर चिकटणारी. वास गोड, थोडा आंबूस. फूल वरून सुटतं त्याचा टप् असा आवाज येतो आणि मग पुन्हा शांतता. बाया मोठ्यानं बोलत वेचत होत्या. बोलायचं ते वाघासाठी. माणसं आहेत हे त्याला कळावं म्हणून. या भागात मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया परत न आल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्या मी नागपुरात चहाबरोबर वाचलेल्या. इथं त्यांच्या मधोमध वाकून फुलं गोळा करताना पाठीला सारखं वाटत होतं की मागे वळून बघावं.

मी आईंना पाडव्याच्या त्या रात्रीबद्दल विचारलं. त्यांनी टोपली कमरेला टेकवली. "वाघाचं भेव रायतेच, बाई. पण वाघ दिसते तरी. नाही तं त्याचा माग तरी दिसते. हे वरचं काय दिसन?"

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. नंतर लाडबोरीवरून आलो. घरं, कुंपणं, मोकळी जागा, सावलीत बसलेली बकरी. त्या गावात कोणी कधी कुठल्या देशाला रॉकेट उडवायची परवानगी दिलेली नाही, आणि तरी एका रॉकेटचा प्रवास तिथं संपला. ते तिथंच का, याला कारण नाही. तो रिकामा टप्पा ज्या कक्षेत फिरत होता त्या कक्षेचं एक टोक जमिनीपासून दोनेकशे किलोमीटरवर आणि दुसरं ३६ हजार किलोमीटरवर असतं. दर फेरीत खालच्या टोकाशी विरळ हवा किंचित ओढ देते, वरचं टोक थोडं खाली येतं, असं वर्षभर चालतं. शेवटच्या फेरीत हवा किती दाट मिळेल हे सूर्याच्या लहरीवरही अवलंबून. थोडं आधी खाली आलं असतं तर अरबी समुद्र, थोडं नंतर आलं असतं तर बंगालचा उपसागर. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ते बहुतेक वरच जळून जातं. इंधनाला दाब द्यायला वायू कोंबून भरलेल्या गोल टाक्या असतात, बऱ्याचदा टायटॅनियमच्या, ते १६०० अंशांच्याही वर टिकतं. म्हणून जगात कुठंही रॉकेट पडलं की गोळे सापडतात. आतापर्यंत माणसांचं नशीब चांगलं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत टल्सा शहरात फिरायला निघालेल्या एका बाईंच्या खांद्यावर डेल्टा रॉकेटचा जाळीदार तुकडा येऊन पडला. हलका होता, इजा झाली नाही. नशीब चांगलं आहे यावर सगळी व्यवस्था उभी ठेवायची का, हा माझा प्रश्न आहे. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार नुकसानभरपाईची जबाबदारी उडवणाऱ्या देशावर टाकतो, त्याची चूक सिद्ध करायचीही गरज नाही. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या बर्फात विखुरला तेव्हा कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले आणि तीस लाख पदरात पडले. पण करार बोलतो तो नुकसान झाल्यावर. पहाटे मोहाखाली उभं राहून वर बघण्याची किंमत त्यात कुठल्या कलमात बसवायची?

आणि मग ज्युरियन बे. चांद्रयान उडालं त्याच जुलैत, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या या किनाऱ्यावर तांबूस-सोनेरी रंगाचं, माणसाहून उंच, एका बाजूनं फाटलेलं पिंप लाटांनी आणून टाकलं. त्याला समुद्रातले शिंपले चिकटलेले. महिना संपता संपता तिथल्या अवकाश संस्थेनं जाहीर केलं की ते बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग आहे. आपलंच. ज्या रॉकेटवर मी मनापासून प्रेम करते, ज्यानं मंगळयान नेलं, एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, ते. नियमाप्रमाणे ते समुद्रातच पडलं होतं; नंतर वाहत गेलं. कोणाला काही झालं नाही. तरी त्या फोटोतल्या वाळूवर उभ्या पोलिसांकडे बघताना मला सिंदेवाहीच्या ठाण्यात ठेवलेली लाडबोरीची कडी आठवली. खुद्द चांद्रयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ चा शेवटचा टप्पाही १२४ दिवस पृथ्वीभोवती फिरून १५ नोव्हेंबरला खाली आला. स्फोट होऊ नये म्हणून त्यातलं उरलंसुरलं इंधन आधीच काढून टाकलेलं होतं, पण कुठं उतरायचं हे त्याच्या हातात नव्हतं आणि कोणाच्याच नव्हतं. उत्तर पॅसिफिकवर आला असावा, असं इस्रोनं सांगितलं. भाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर. मी ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशा मागितला.

नकाशा काढला म्हणून मला एक गोष्ट भाऊंना दाखवता आली, आणि ती मला आजही रॉकेटशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. उड्डाण चालू असताना नियंत्रण कक्षात सुरक्षेची जबाबदारी असलेली माणसं एका ठिपक्याकडे बघत असतात. आत्ता, या क्षणी, इंजिन बंद पडलं तर रॉकेट कुठं पडेल, तो तो ठिपका. सुरुवातीला तो तळापाशीच असतो. मग किनारा सोडून पाण्यात शिरतो, हळूहळू सरकतो. रॉकेटचा वेग वाढतो तसा ठिपका भरभर पुढे पळतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत तर महासागर आणि खंड मागे टाकत सुटतो. आणि मग नाहीसा होतो. आता इंजिन बंद पडलं तरी रॉकेट जमिनीवर येणार नाही. ते कक्षेत पोचलं. तोवर ठिपका नको त्या रेषेच्या पलीकडे गेला तर रॉकेट हवेतच फोडायचं, उपग्रहासकट, हजारो लोकांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीसकट. तो अधिकार त्या एका माणसाकडे असतो. म्हणजे टाळ्यांच्या त्या सोळा मिनिटांत सबंध देशात निदान एक माणूस असा होता की जो भाऊंचाच प्रश्न क्षणाक्षणाला विचारत होता. मंग पडते कुठी? भाऊ हे ऐकून नकाशावर बोट ठेवून बराच वेळ उभे होते. म्हणाले, "म्हणजे लक्ष असते तं कोणाचं."

असतं. ठिपका दिसेनासा होईपर्यंत असतं. रिकाम्या टप्प्याचा ठिपका पुढे महिन्या-वर्षानं परत उगवतो तेव्हा मात्र त्याच्याकडे बघणारे असले तरी काही करू शकणारं कोणी नसतं. लाडबोरीची गोष्ट या उरलेल्या भागात घडते.

हे बदलतं आहे, आणि ते बघताना मला अजूनही शाळकरी आनंद होतो. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा आपल्या पायांवर उभा राहून परत उतरला, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल. पण त्याच रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याचे तुकडे २०२५ च्या फेब्रुवारीत पोलंडमध्ये पडले. आपल्याकडे पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याला इस्रोनं प्रयोगांचा मंच म्हणून वापरायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणातला तो टप्पा काम संपवून मार्चमध्ये पॅसिफिकवर खाली आला. मागं काही ठेवलं नाही. २०३० पर्यंत आपल्या सगळ्याच मोहिमा असा कचरा न करणाऱ्या असतील, असं भारतानं जाहीर केलं आहे. पीएसएलव्हीला चिकटवलेले बारा टन इंधनाचे बाजूचे बूस्टर आता नागपूरजवळच्या एका कारखान्यातही तयार होतात. पहिला २०२१ मध्ये इथून गेला. सत्तरेक सेकंद जळतो आणि समुद्रात पडतो. या शहराचा हात आता वर नेण्यातही आहे आणि खाली टाकण्यातही. त्यामुळे लाडबोरीबद्दल बोलताना चीनकडे बोट दाखवून मोकळं होणं मला जमत नाही.

यंदा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गुरुत्वाकर्षण शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि फळ्यावर लाडबोरीच्या टप्प्यासारखी कक्षा काढली. खालचं टोक २०० किलोमीटर, वरचं ३६ हजार. खालचं टोक ५० किलोमीटरवर आणलं की पुढच्याच फेरीत तो दाट हवेत शिरेल, आणि कधी ते आपल्याला आधी ठाऊक असेल, म्हणजे समुद्र निवडता येईल. त्यासाठी वरच्या टोकाशी वेग किती कमी करावा लागेल? ऊर्जा आणि कोनीय संवेग, दोनच समीकरणं. पहिल्या बाकावरच्या उमरेडहून रोज एसटीनं येणाऱ्या पोरीनं आधी उत्तर काढलं आणि मग ते तिला स्वतःलाच पटेना, तिनं पुन्हा केलं. सेकंदाला सोळा मीटर. वर जायला सेकंदाला दहा किलोमीटरच्या पुढे वेग कमवावा लागला होता, आणि सुखरूप खाली यायला सोळा मीटर घालवायचे.

"एवढंच? मग करत का नाहीत, मॅडम?"

वर्गात एकदम आवाज वाढला. कोणी म्हणालं पैसे, कोणी म्हणालं कोणाला पडलीय. मी त्यांना सांगितलं की वरच्या टोकाला पोचायला उपग्रह सोडल्यापासून पाच तासांहून जास्त लागतात. तोवर टप्प्यातली बॅटरी जिवंत हवी, दिशा सांभाळणारी यंत्रणा जागी हवी, अतिथंड द्रव इंधन उडून गेलेलं नको, आणि छोटं का होईना, एक इंजिन पुन्हा पेटायला हवं. हे सगळं फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. त्या जादा सामानाचं वजन किती होईल आणि त्यापायी उपग्रह किती किलोनं हलका करावा लागेल, ते काढून आणायला त्यांना दिवाळीची सुट्टी दिली आहे. भाऊंनी तो फळा अजून पुसू दिलेला नाही.